नावांची गोधडी

घरातील वडील माणूस गेले की त्याच्या धोतरालुगड्यांची गोधडी शिवावी, ही आपल्याकडील जुनी चाल आहे. अंगावर घेतली की त्याची ऊब मिळते. अमेरिकेत एका मोठ्या शोकप्रसंगी लोकांना हाच मार्ग सुचला, ती हकीकत आम्ही येथे देत आहो.

१९८५ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को शहरी मेणबत्त्यांची मिरवणूक निघाली. एड्सने मृत्यू पावलेल्यांची नावे लोकांनी कागदांवर लिहून एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर डकविली. क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्यास ती भिंत ठिगळांच्या गोधडीसारखी भासली. त्या रोगाचा कलंक असा, की कित्येक ठिकाणी अंत्यविधी करणारे प्रेतास हात लावीत ना, आणि घरचे मृत्यूचे कारण लपवीत. मग रडावयाचे तरी कोठे? म्हणून आप्तमित्रांनी प्रत्येक मृताच्या नावे तीन फूट रुंद, सहा फूट लांब वस्त्र शिवले. हे माप थडग्याचे. कोणी त्यावर गेलेल्याचा सदरा जोडला, कोणी पत्रे, कोणी लहानपणचे खेळणे.

११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या विस्तीर्ण मैदानावर १,९२० वस्त्रे अंथरली गेली व एकेक नाव मोठ्याने वाचले गेले. तर्पणात नामगोत्र उच्चारणाऱ्या, आणि ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठीही ओंजळ सोडणाऱ्या आम्हांस त्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

आज ही वस्त्रे सुमारे ५०,००० असून त्यांचे वजन ५४ टन भरते. त्यांतील काहींवर आडनाव नाही. केवळ घरात हाक मारावयाचे नाव तेवढे टाक्यांनी काढले आहे.