थकबाकीदार कोण?

परीक्षेच्या तोंडावर कॉलेजात फी थकवणाऱ्यांची यादी लागते. त्यात आपली मुलं असतात. पण हे देणं नेमकं कुणाचं, हे इतिहासाला विचारा.

४ जून १९१३ रोजी बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाशी करार केला. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे; बदल्यात संस्थानाची दहा वर्षे नोकरी. सयाजीरावांचे ऋण मोठेच. पण १९१७ मध्ये बाबासाहेब करार पाळायला बडोद्यात गेले, तेव्हा जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळाली नाही.

१९४४ मध्ये, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. इथे राजाची मर्जी नाही, नोकरीचा करार नाही. शिक्षणाचा खर्च हे सरकारचं देणं ठरलं.

आज या योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. राज्याने आपला वाटा दिल्यावरच केंद्राचा पैसा विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. हप्ता लांबवतं सरकार, पण कॉलेजच्या वहीत थकबाकी चढते विद्यार्थ्याच्या नावावर. मग हॉल तिकीट अडतं, टीसी अडते.

रोहित वेमुलाने जानेवारी २०१६ मधल्या शेवटच्या पत्रात सात महिन्यांच्या फेलोशिपचे पावणेदोन लाख येणे असल्याचं लिहिलं. ती थकबाकी कुठल्या फलकावर लागली होती?

मित्रांनो, फीच्या नोटिशीला मान खाली घालू नका. शिष्यवृत्ती अर्जाची प्रत जोडून लेखी उत्तर द्या, समाजकल्याण कार्यालयाकडे थकीत हप्त्याचा हिशेब मागा. देणेकरी आपण नाही.

जय भीम!