संख्यापल्ला, संगणकीय

किमान व कमाल सीमांनी बद्ध असलेला संख्यांचा समूह म्हणजे संख्यापल्ला होय. वर्तुळाचा परीघ व व्यास यांचे गुणोत्तर ३ १०/७१ व ३ १/७ यांच्या दरम्यान असते, असे आर्किमिडीज (इ. स. पू. सु. २८७–२१२) याने सिद्ध केले होते. संगणकातील स्थूलांकनाच्या त्रुटींना अशाच सीमा घालण्याच्या पद्धतीचे विवेचन अमेरिकन गणितज्ञ रॅमन मूर यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात केले. पूर्णांकांच्या पल्ल्यात खालची सीमा समाविष्ट करावी व वरची वगळावी, असे प्रतिपादन डच संगणकशास्त्रज्ञ एट्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये केले. त्यामुळे लगतचे पल्ले परस्परांत न शिरता जुळतात. वेब-उपयोजनांत सीमांचा समावेश व पल्ल्यांचा छेद तपासणाऱ्या आज्ञावली एकदाच लिहून लायब्ररीच्या रूपाने ठेवतात. त्या अनेक ठिकाणी वापरता येत असल्याने एका नियमाचे भिन्न अर्थ लावले जात नाहीत.

पल्ल्याऐवजी केवळ मध्यमूल्य घेतल्यास काय घडते, हे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार विवराच्या वयावरून दिसते. थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने (१९९७) ते ५२,००० ± ६,००० वर्षे, तर आरगॉन समस्थानिकांवरून (२०११) ५,७०,००० ± ४७,००० वर्षे ठरले. हे पल्ले अनुक्रमे ४६,०००–५८,००० व ५,२३,०००–६,१७,००० असून त्यांचा छेद रिक्त आहे. मध्यमूल्यांची सरासरी ३,११,००० वर्षे येते. ती दोहोंपैकी कोणत्याही पल्ल्यात बसत नाही. पल्ल्यांची तुलना करणारी आज्ञावली मात्र मापनांतील ही विसंगती उघड करते.