चंडीगडची कंबर

ल कार्बुझिएने १९५१ मध्ये चंडीगडचा आराखडा हाती घेतला, तेव्हा शहराची रचनाच मानवी शरीरासारखी केली. कॅपिटॉल म्हणजे डोकं, सेक्टर १७ हृदय, लीझर व्हॅलीचा हिरवा पट्टा फुप्फुसं. सेक्टर साधारण १२०० बाय ८०० मीटरचा. शाळा, दुकान, दवाखाना पायी गाठता यावा असा. मापांसाठी त्याने कल्पिलेला आदर्श माणूस मात्र १८३ सेंटीमीटर उंचीचा पुरुष होता. बाईचं शरीर त्या हिशेबात नव्हतंच.

पायी फिरता येतील असे सेक्टर आखलेल्या या शहरात आधी स्कूटर आली, मग मोटारी आल्या, आणि पराठ्यावरचं लोणी काही हटलं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीच्या पहिल्या टप्प्यात चंडीगड होतं, तसा महाराष्ट्रही होता. लठ्ठ प्रौढांचं प्रमाण महाराष्ट्रात १६.६ टक्के, चंडीगडमध्ये ३१.३. कंबरेचा घेर बाईचा ८० आणि पुरुषाचा ९० सेंटीमीटर झाला की पोटाचा लठ्ठपणा धरायचा. तो चंडीगडमध्ये ३६.१ टक्के निघाला.

ही पाहणी मधुमेहाची होती, पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) या बीजकोशाच्या विकाराची नव्हे. पण कंबर आणि बीजकोश यांचं नातं जुनं आहे. अंतोनियो वालिस्नेरी या इटालियन वैद्याने १७२१ मध्ये एका जाडसर, मूल नसलेल्या शेतकरी तरुणीच्या बीजकोशांचं वर्णन लिहून ठेवलं: मोठे, पांढुरके, चकचकीत, कबुतराच्या अंड्यांसारखे. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी सात बायकांची हकिगत छापली. बीजकोशांचा अर्धा ते पाऊण भाग त्यांनी कापून काढला. सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना दिवस गेले. झालं! पुढे कित्येक वर्षं सगळ्यांची नजर बीजकोशावरच खिळली. खरं तर पॅरिसच्या आशार आणि तिएर यांनी १९२१ मध्येच दाढी येणाऱ्या बायकांमधल्या मधुमेहाकडे बोट दाखवलं होतं, पण धागा जुळायला १९८० उजाडावं लागलं. अमेरिकेतल्या संशोधकांना पीसीओएस असलेल्या लठ्ठ बायकांच्या रक्तात जास्त इन्शुलिन सापडलं, आणि पुरुषी संप्रेरकंही त्याच प्रमाणात वाढलेली.

पोटावरची चरबी वाढली की शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होतं, म्हणून स्वादुपिंड ते आणखी ओतत राहतं. हे जादा इन्शुलिन बीजकोशाला पुरुषी संप्रेरकं बनवायला लावतं. पाळी लांबते, हनुवटीवर राठ केस येतात. मानेवर काळसर, मखमली पट्टा उमटतो. घरोघरी तो मळ समजून मुलीची मान घासली जाते. तो मळ नसतो, वाढलेल्या इन्शुलिनची खूण असते.

मग सगळा दोष वजनाचाच? १९८९ मध्ये आंद्रेया ड्युनाइफ यांनी दाखवलं की वजन बाजूला ठेवलं तरी या बायकांमध्ये इन्शुलिनशी बेबनाव असतोच. लठ्ठपणा त्यात तेल ओततो. मुंबईतल्या परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने किशोरी आणि तरुणी तपासल्या. निदानाच्या रॉटरडॅम निकषांनी २२.५ टक्के जणींना पीसीओएस निघाला, आणि त्यांपैकी ७१.८ टक्के लठ्ठ नव्हत्या. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २२.३, चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्याकडे वजनकाटा असा फसवतो.

‘आधी वजन कमी कर’ हा सल्ला चंडीगडच्या जास्त वजनाच्या मुलीला चुकीचा नाही. वजन पाच-दहा टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी मार्गावर येते. परळच्या सडपातळ मुलीला मात्र त्याच मापाने ‘काही झालेलं नाही’ म्हणून परत पाठवलं जातं. पीसीओएसचं निदान झालं की वजन कितीही असो, साखरेची तपासणी करावी, असं २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. डॉक्टरांनी सांगितली नाही, तर मुलीच्या आईने ती मागून घ्यावी.