अमेरिकन फुटबॉलचे ‘टेलगेट’ भोजन आणि प्रादेशिक खाद्यपरंपरा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ‘फुटबॉल’ या नावाने ओळखला जाणारा खेळ आपल्याकडील फुटबॉलहून सर्वस्वी भिन्न आहे. लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळला जाणारा हा खेळ तेथे शरद ऋतूचा उत्सवच मानला जातो. महाविद्यालयीन संघांचे सामने प्रामुख्याने शनिवारी आणि व्यावसायिक संघांचे सामने प्रामुख्याने रविवारी होतात. सामना सुरू होण्यापूर्वी कित्येक तास प्रेक्षक स्टेडियमच्या वाहनतळावर जमतात, मोटारीचा मागील फाळका उघडून त्यावर खाद्यपदार्थ मांडतात आणि शेजारी कोळशाची शेगडी पेटवून ओळखीच्या व अनोळखी मंडळींसह भोजन करतात. या फाळक्यास इंग्रजीत ‘टेलगेट’ म्हणतात व त्यावरूनच या प्रथेस ‘टेलगेटिंग’ हे नाव मिळाले.

या भोजनातील पदार्थ प्रांतागणिक बदलतात. हा फरक केवळ रुचिभेदाचा नाही. प्रत्येक पदार्थामागे स्थलांतर, गुलामगिरी किंवा औद्योगिक श्रम यांचा इतिहास उभा आहे. ग्रीन बे, बॅटन रूज, कॅन्सस सिटी व बफेलो या चार शहरांच्या आधारे समाजाने केलेला पदार्थाचा स्वीकार आणि तो पदार्थ घडविणाऱ्या माणसांचा स्वीकार यांमध्ये किती अंतर राहिले, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

उगम आणि भौतिक पार्श्वभूमी

टेलगेटच्या उगमाविषयी अनेक कथा प्रचलित आहेत. २१ जुलै १८६१ रोजी बुल रनची लढाई पाहण्यासाठी वॉशिंग्टनचे नागरिक खाद्यपदार्थांच्या टोपल्या घेऊन गेले होते. ही घटना सत्य असली तरी तिचा फुटबॉलशी संबंध जोडणे हे उत्तरकालीन कल्पनेचे काम होय. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स व प्रिन्स्टन या महाविद्यालयांमध्ये झालेला सामना हा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना मानला जातो व काहीजण टेलगेटची सुरुवातही तेथूनच धरतात. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या ग्रीन बे पॅकर्स संघाचे चाहते आपल्या मालमोटारी मैदानाच्या कडेला उलट्या लावून फाळक्यावर बसत, अशीही कथा सांगितली जाते.

उगमकथांपेक्षा प्रथेच्या प्रसारास कारणीभूत झालेली साधने अभ्यासकास अधिक उपयुक्त वाटतात. १९२० च्या दशकात हेन्री फोर्ड यांच्या उद्योगाने मोटारनिर्मितीतून उरणाऱ्या लाकडाच्या तुकड्यांपासून कोळशाच्या वड्या तयार करण्यास प्रारंभ केला. १९५२ मध्ये शिकागो परिसरातील जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या धातूच्या बोयाचे अर्धगोल वापरून झाकणाची शेगडी बनविली. मागे प्रशस्त जागा असलेल्या ‘स्टेशन वॅगन’ मोटारी मध्यमवर्गाच्या घरी आल्या आणि १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांच्या उभारणीस गती मिळाली. या सर्व गोष्टी एकत्र आल्यामुळे घरचे स्वयंपाकघर वाहनतळावर नेणे शक्य झाले.

ग्रीन बे : संशयाकडून अभिमानाकडे

विस्कॉन्सिन राज्यातील टेलगेटचा प्रमुख पदार्थ म्हणजे ‘ब्रॅटवुर्स्ट’ हे मांसाचे सॉसेज होय. ते कोळशावर भाजतात. भाजण्याआधी किंवा नंतर बिअर व कांद्यात मुरविण्याचीही रीत आहे, आणि यांपैकी योग्य पद्धत कोणती याविषयी तेथे आजही आग्रहाने वाद घातला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, विशेषतः १८४८ च्या अयशस्वी क्रांतीच्या आगेमागे, मोठ्या संख्येने आलेल्या जर्मन स्थलांतरितांनी हा पदार्थ आणला. मात्र पहिल्या महायुद्धात अमेरिकेतील जर्मन भाषा, जर्मन शाळा व जर्मन खाद्य यांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. आंबवलेल्या कोबीचे ‘सावरक्राउट’ हे जर्मन नाव टाकून तिला ‘स्वातंत्र्य कोबी’ म्हणण्यापर्यंत मजल गेली. तेच खाद्य पुढे राज्याच्या अस्मितेचे चिन्ह झाले. १९५७ मध्ये खुल्या झालेल्या ग्रीन बेच्या स्टेडियमबाहेर ब्रॅटवुर्स्ट भाजणाऱ्या चाहत्यास आज तो परकीय पदार्थ वाटत नाही.

याच परिसरात ‘बूया’ हा कोंबडी, गोमांस व भाज्यांचा दाट रस्सा मोठ्या कढईत तासन्‌तास शिजवला जातो. १८५३ पासून येथे वसलेल्या वालून बेल्जियन शेतकऱ्यांशी त्याचे नाते जोडले जाते. फ्रेंचमधील ‘बुइयाँ’ या शब्दाचे उच्चारानुसार झालेले हे रूप मानले जाते. चर्चच्या सामुदायिक भोजनातील ही कढई पुढे वाहनतळावर आली.

बॅटन रूज : एका पातेल्यातील तीन खंड

लुइझियाना राज्य विद्यापीठाचे टायगर स्टेडियम १९२४ मध्ये उभे राहिले. त्याच्या परिसरात ‘गंबो’ व ‘जांबलाया’ हे पदार्थ मोठ्या लोखंडी भांड्यांतून शिजतात. गंबो हा शब्द पश्चिम-मध्य आफ्रिकेतील भाषांमधील भेंडीच्या नावावरून आला असून भेंडी या रश्श्यास दाटपणा देते. चरबीत पीठ परतून केलेला ‘रू’ ही फ्रेंच पाककलेची देणगी, तर ससाफ्रास वृक्षाच्या वाळलेल्या पानांची भुकटी ही चॉक्टॉ या मूळ निवासी जमातीकडून आलेली आहे. १७५५ पासून ब्रिटिशांनी अकेडिया प्रांतातून हद्दपार केलेले फ्रेंचभाषक १७६० च्या दशकात येथे स्थिरावले. त्यांनाच पुढे ‘केजन’ म्हटले गेले. १७१९ पासून आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणल्या गेलेल्या लोकांपैकी अनेकांना भातशेतीचे ज्ञान होते. त्या ज्ञानावाचून भातावर आधारलेल्या जांबलायाची कल्पना करता येत नाही.

परंतु ज्यांच्या हातांनी हे खाद्य घडले, त्यांच्या वंशजांना या विद्यापीठाचे दार दीर्घकाळ बंद होते. १९५३ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने अलेक्झांडर पी. ट्यूरो (कनिष्ठ) हा कृष्णवर्णीय विद्यार्थी पदवीपूर्व वर्गात दाखल झाला. मात्र वरिष्ठ न्यायालयाने तो आदेश फिरविल्याने त्यास बाहेर पडावे लागले. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना पदवीपूर्व वर्गांत कायमचा प्रवेश १९६४ मध्ये मिळाला, तर फुटबॉल संघात ते १९७० च्या दशकाच्या आरंभी आले. भेंडीचा रस्सा विद्यापीठाच्या आवारात मान्य होता, ती भेंडी आणणाऱ्यांची नातवंडे-पतवंडे मात्र मान्य नव्हती. ही विसंगती खाद्येतिहासाच्या अभ्यासात दुर्लक्षिता येणार नाही.

कॅन्सस सिटी व बफेलो : टाकाऊ भाग आणि श्रेयाचा प्रश्न

कॅन्सस सिटी येथे १८७१ मध्ये जनावरांचा मोठा बाजार सुरू झाला आणि १९९१ पर्यंत तो चालू राहिला. मांसप्रक्रिया उद्योगामुळे स्वस्त व कठीण मांस मुबलक उपलब्ध होते. टेनेसीतून आलेल्या हेन्री पेरी या कृष्णवर्णीय आचाऱ्याने १९०८ च्या सुमारास लाकडाच्या धुरावर मंद शिजविलेले मांस वर्तमानपत्रात गुंडाळून विकण्यास प्रारंभ केला. १९४० मध्ये पेरी यांच्या निधनानंतर चार्ली ब्रायंट व त्यानंतर आर्थर ब्रायंट यांनी ती परंपरा पुढे नेली. गाईगुरांच्या छातीकडील मांसाच्या करपलेल्या कडा ब्रायंट यांच्या दुकानात ग्राहकांना फुकट दिल्या जात. १९७२ मध्ये कॅल्विन ट्रिलिन यांनी त्यांची प्रशंसा केली आणि त्याच वर्षी ॲरोहेड स्टेडियम खुले झाले. आज ‘बर्न्ट एंड्स’ नावाने त्याच कडांना टेलगेटवर मानाचे स्थान आहे.

बफेलो येथील कोंबडीच्या पंखांची कथाही अशीच आहे. पूर्वी प्रामुख्याने रस्सा उकळण्यासाठी वापरले जाणारे पंख टेरेसा बेलिसिमो यांनी १९६४ मध्ये अँकर बार येथे तळून तिखट सॉसमध्ये घोळून दिले, असे सर्वत्र सांगितले जाते. त्याच दशकात अलाबामातून आलेले जॉन यंग हे कृष्णवर्णीय उपाहारगृहचालक त्याच शहरात पिठात घोळून तळलेले अख्खे पंख स्वतःच्या खास सॉससह विकत असत आणि श्रेयावर आपला हक्क सांगत. ट्रिलिन यांनी १९८० मध्ये यंग यांच्या दाव्याची नोंद घेतली, तरी लोकस्मृतीत दीर्घकाळ एकच नाव राहिले.

वाहनतळाचे सामाजिक स्थान

स्टेडियमच्या आत मिळणारे पदार्थ कंत्राटदार ठरवितो व ते बहुतेक ठिकाणी सारखेच असतात. वाहनतळावरील पातेले मात्र घरचे असते. टोन्या विल्यम्स ब्रॅडफर्ड व जॉन शेरी यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टेलगेट ही सार्वजनिक जागेस घराचे रूप देणारी विधिवत प्रथा असल्याचे प्रतिपादन केले आहे. प्रतिस्पर्ध्याचे प्रतीकच शिजविण्याचा विनोदही येथे चालतो. फ्लोरिडाचा ‘गेटर्स’ संघ पाहुणा असता बॅटन रूज येथे मगरीच्या जातीतील ॲलिगेटरचे मांस भाजले जाते. हे सौहार्द खरे आहे. तथापि स्थानिक अभिमान जितका वाढतो, तितका पदार्थाचा मूळ कर्ता विस्मृतीत जाण्याचा धोकाही वाढतो.

निष्कर्ष

१. टेलगेटची प्रथा कोण्या एका प्रसंगातून जन्मलेली नसून मोटार, महामार्ग व सुटसुटीत शेगडी यांनी तिला आजचे व्यापक स्वरूप दिले.

२. ज्यास ‘प्रादेशिक’ खाद्य म्हटले जाते, ते बहुधा विस्थापित व श्रमिक समूहांचे खाद्य असते. प्रदेशाचे नाव त्यास नंतर मिळते.

३. पदार्थाचा स्वीकार माणसाच्या स्वीकाराआधी होतो. जर्मनांच्या बाबतीत हे अंतर तुलनेने लवकर मिटले. कृष्णवर्णीयांच्या बाबतीत त्यासाठी न्यायालयीन लढे द्यावे लागले.

खाद्यसंस्कृतीचा इतिहास लिहिताना पाककृती व तिचे मूळ ठिकाण यांची नोंद पुरेशी ठरत नाही. तो पदार्थ कोणी शिजविला, कोणी खाल्ला आणि त्या वेळी शिजविणाऱ्यास त्याच पंगतीत बसता येत होते काय, हे प्रश्नही तितकेच आवश्यक आहेत. वाहनतळावरील फाळक्यावर मांडलेल्या भोजनाकडे या दृष्टीने पाहिल्यास अमेरिकेच्या सामाजिक इतिहासाचे एक मौलिक साधन अभ्यासकाच्या हाती येते.