नवजात-अर्भक संशोधन, गडचिरोली

नवजात-अर्भक संशोधन, गडचिरोली : जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू कमी करण्यासाठी गडचिरोली जिल्ह्यातील खेड्यांत १९९३ ते १९९८ या काळात झालेले क्षेत्रीय संशोधन. हा वनव्याप्त जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याच्या विभाजनाने अस्तित्वात आला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये येथे स्थापिलेल्या ‘सर्च’ या संस्थेने हे संशोधन केले.

त्या काळी या भागातील बहुतेक प्रसूती घरीच होत. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतील ७६३ नवजात अर्भकांची घरोघरी पाहणी करण्यात आली. त्यांपैकी ५४·४ टक्के अर्भकांना वैद्यकीय उपचारांची गरज होती. प्रत्यक्षात ते केवळ २·६ टक्के अर्भकांना मिळाले. अर्भक रुग्णालयात पोहोचत नसेल, तर उपचार त्याच्या घरी नेणे हाच मार्ग उरत होता.

त्यासाठी गावातीलच साक्षर स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. अर्भकाचे वजन व तापमान घेणे, त्याला उबदार ठेवणे, स्तनपानास साहाय्य करणे, जन्मतः श्वास न घेणाऱ्या अर्भकास कृत्रिम श्वास देणे व जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसीनची अंतःक्षेपणे देणे ही कामे त्यांनी केली. तुलनेसाठी ४७ गावांतही जन्म-मृत्यूंची नोंद ठेवण्यात आली. उपचारक्षेत्रात नवजात-मृत्यूचे प्रमाण दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५·५ वर आले. तुलनाक्षेत्राच्या मानाने ही घट ६२·२ टक्के होती. जंतुसंसर्ग झालेल्या अर्भकांतील मृत्यू १६·६ टक्क्यांवरून २·८ टक्क्यांवर उतरले. हे निष्कर्ष द लॅन्सेट  या वैद्यकीय नियतकालिकात डिसेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात अर्भकांसाठी गृहभेटींची शिफारस केली. भारत सरकारने २०११ मध्ये ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत अशा भेटींचा देशव्यापी कार्यक्रम आखला.

आतड्याच्या जन्मजात विकृतींत मात्र या पद्धतीची मर्यादा दिसून येते. जंतुसंसर्ग ओळखण्याच्या लक्षणांत पोट फुगणे वा उलट्या होणे यांचाही समावेश होता. परंतु आतड्याचा अवरोध, अछिद्र गुद व हिर्शस्प्रुंग रोग (मोठ्या आतड्याच्या भित्तीत तंत्रिका-कोशिकांचा अभाव) यांतही हीच लक्षणे आढळतात. उलटी हिरवी असल्यास अवरोधाची शंका तातडीने घ्यावी लागते. असा अवरोध प्रतिजैव औषधांनी दूर होत नाही, त्यासाठी शस्त्रक्रियाच करावी लागते. विलंब झाल्यास आतड्यास पीळ वा छिद्र पडून अर्भक दगावू शकते. शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व वाटेत अर्भकास उबदार ठेवणे, जठरात नळी घालून ते रिकामे करणे व शिरेतून द्रव देणे यांना असते.

पचनमार्गाच्या व तत्संबंधित सात जन्मजात विकृतींविषयी ७४ देशांतील २६४ रुग्णालयांत झालेले अध्ययन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार अशा रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण उच्च उत्पन्नाच्या देशांत ५·६ टक्के, मध्यम उत्पन्नाच्या देशांत २०·४ टक्के आणि अल्प उत्पन्नाच्या देशांत ३९·८ टक्के होते. भारतात २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मूळ यादीतील नऊ जन्मदोषांत आतड्याच्या विकृतींचा अंतर्भाव नव्हता. गावातील कार्यकर्तीने वेळीच ओळखलेले लक्षण आणि दूरच्या शहरातील शस्त्रक्रियागृह यांमधील अंतर कमी करणे, हे गडचिरोलीच्या संशोधनाने पुढील काळासाठी ठेवलेले कार्य होय.