साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड

शहराचा इतिहास आपण बहुधा राज्यकर्त्यांच्या आणि इमारतींच्या नावांनी शिकवतो. पण शहरात येणाऱ्या माणसाला राहायला खोली मिळाली का, त्या खोलीत उजेड होता का आणि तिचे भाडे त्याला परवडले का, हाही इतिहासच आहे. मुंबईने या तिन्ही प्रश्नांना गेल्या सव्वाशे वर्षांत हात घातला, पण एकेकट्याने. एक सोडवताना दुसरा मागे राहिला. हे कसे घडले ते पाहू.

प्लेग आणि ट्रस्ट

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात तापाचे आणि काखेत-जांघेत गाठी आलेले रुग्ण आढळू लागले. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे ओळखले. माणसे मेली आणि त्याहून कितीतरी अधिक गाव सोडून गेली. १८९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली.

प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता. परंतु तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे ठाऊक नव्हते. उंदरांवरच्या पिसवा तो वाहून नेतात, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत दाखवले. त्यावर सर्वांचा विश्वास बसायला आणखी काही वर्षे गेली. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या प्रयोगांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. तोवर अधिकाऱ्यांच्या मते दोष होता तो कोंदट हवेचा, ओलीचा आणि अंधाराचा. साहजिकच उपायही घरे आणि रस्ते यांच्या रचनेत शोधला गेला.

त्यासाठी १८९८ साली बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. शहरात महापालिका असताना वेगळी संस्था कशाला? महापालिकेत घरमालक करदात्यांचे वजन होते आणि त्यांच्याच चाळी पाडायच्या होत्या. म्हणून ट्रस्टवर सरकारी अधिकारी, सरकारने नेमलेले सदस्य आणि व्यापारी संस्थांचे प्रतिनिधी बहुसंख्य ठेवले गेले; महापालिकेने निवडलेले सदस्य थोडे होते. भाडेकरू गिरणी कामगाराला आणि हमालाला मात्र दोन्हीकडे आवाज नव्हता. पुढच्या साऱ्या हकीकतीत हे ध्यानात ठेवायला हवे.

ट्रस्टने समुद्रावरचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले. त्यांच्या वाटेत आलेली घरे पाडली. ज्यांची घरे गेली त्यांना गोदी, बाजार किंवा गिरणी यांच्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर राहणे भाग होते. ट्रस्टने काही चाळी बांधल्या, पण पहिल्या वीस वर्षांत बांधलेल्या खोल्यांपेक्षा पाडलेल्या खोल्याच अधिक होत्या. उठलेली माणसे शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या चाळींत शिरली. गर्दी कमी झाली नाही. ती फक्त सरकली.

कोनाचा नियम

जे. पी. ऑर हे ट्रस्टचे अध्यक्ष असताना त्यांनी उजेडाला मोजमाप दिले. राहत्या खोलीला उजेड पुरेसा आहे असे कधी म्हणायचे? खोलीच्या खिडकीसमोर मोकळी जागा असावी आणि भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे काढलेली रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा मोठा कोन करू नये, हा तो नियम. १९१२ मध्ये त्यांनी या विषयावर व्याख्यान दिले. हा कोन त्यांनी नव्याने शोधलेला नव्हता. लंडनच्या १८९४ च्या इमारत कायद्यात घराच्या मागील बाजूसाठी तोच होता.

साडेत्रेसष्टच का, हे दहावीचा विद्यार्थीही सांगू शकेल. या कोनाचे टॅन गुणोत्तर जवळजवळ २ आहे. म्हणजे इमारतीची उंची समोरच्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नको. दहा मीटर उंच इमारतीसमोर निदान पाच मीटर जागा हवी. नियम सोपा होता आणि कोणालाही टेप घेऊन तपासता येण्याजोगा होता.

ट्रस्टने तो आपल्या जमिनीवर वापरला. दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहतींत रुंद रस्ते आणि मोकळी अंगणे आली. पण अशा घराला जागा जास्त लागते आणि जागा जास्त म्हणजे भाडे जास्त. तिथे प्रामुख्याने मध्यमवर्ग राहायला आला. उजेडाचा कोन ठरला होता. भाड्याचा आकडा कोणी ठरवला नव्हता.

भाड्याचा आकडा

पहिल्या महायुद्धाच्या काळात बांधकाम थंडावले आणि भाडी भडकली. १९१८ च्या कायद्याने ती १ जानेवारी १९१६ च्या पातळीवर बांधली. १९२१ मध्ये लोकसंख्या ११,७५,९१४ झाली होती. त्याआधी, १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांनी विकास खाते उघडून कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचे जाहीर केले. पैसा उभा करायला कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला. याच त्या बीडीडी चाळी. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या, खोल्या सुमारे साडेसोळा हजार. वरळीतल्या अनेक खोल्या सुरुवातीची काही वर्षे रिकाम्याच राहिल्या, कारण त्या कामाच्या जागेपासून लांब होत्या आणि भाडे कामगाराच्या खिशाला जड होते. १९३० च्या कायदेभंगात तर तिथे तात्पुरता तुरुंग केला गेला. ज्या शहरात एका खोलीत दोन-दोन कुटुंबे राहत, त्याच शहरात सरकारी खोल्या ओस होत्या! १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

पुढे १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला जखडली. या कायद्याने लाखो भाडेकरूंना छप्पर टिकवून दिले, हे मान्य करायला हवे. पण वर्षानुवर्षे भाडे तेच राहिले आणि चुना, वाळू, लाकूड, मजुरी वाढत गेली. मालकाने दुरुस्ती सोडली आणि नवी घरे भाड्याने देण्यासाठी बांधणे थांबवले. पावसाळ्यात जुन्या इमारती कोसळू लागल्या. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झाले, तेव्हा उपकर लागू झालेल्या इमारती १९,६४२ होत्या. आता भाड्याचा आकडा धरून ठेवला होता. भिंत धरून ठेवायचे राहून गेले. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याची तरतूद अवाजवी ठरवली आणि १९९९ चा नवा कायदा २००० पासून लागू झाला.

पुन्हा तोच कोन

एकविसाव्या शतकात रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांसाठी उठवलेल्या कुटुंबांना गोवंडी-मानखुर्द भागात पक्की घरे मिळाली, तीही मोफत. म्हणजे खोलीचा आणि किमतीचा प्रश्न सुटला. मात्र कमी जागेत जास्त घरे बसवण्यासाठी मोकळ्या जागेचे नियम शिथिल केले गेले. काही वसाहतींत दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर आहे. आठ मजली इमारत साधारण चोवीस मीटर उंच धरली, तर ऑर यांच्या नियमाने बारा मीटर अंतर हवे होते. प्रत्यक्षातला कोन येतो ८३ अंश. २०१८ मध्ये या भागातील तीन वसाहतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे उजेड आणि वारा कमी, तिथे क्षयरोगाचे प्रमाण जास्त, असे त्यात दिसून आले.

ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. प्लेग पिसवांमुळे पसरत होता. अंधार हे त्याचे खरे कारण नव्हते. क्षयाचा जंतू मात्र कोंदट हवेतूनच पसरतो. एका रोगाच्या चुकीच्या समजुतीतून ज्या उजेड-वाऱ्याचा आग्रह धरला गेला, तो दुसऱ्या रोगासाठी अगदी योग्य होता. तो आपण शंभर वर्षांनी सोडून दिला.

वर्गात करण्याजोगे

आपल्या गावातील एखादी गल्ली निवडा. तिची रुंदी टेपने मोजा. काठी आणि सावली वापरून समरूप त्रिकोणांनी इमारतीची उंची काढा. उंची रुंदीच्या दुपटीच्या आत आहे का ते पाहा. वहीत दुसरा रकाना आखा: तेथील एका खोलीचे महिन्याचे भाडे म्हणजे मजुराची किती दिवसांची रोजी? तिसऱ्या रकान्यात लिहा: अंतराचे नियम कोण ठरवते, ग्रामपंचायत, नगरपरिषद की राज्य शासन? आणि तिथे राहणाऱ्यांना त्यात बोलायची संधी मिळाली का? मुंबईच्या इतिहासात हे तीन रकाने वेगवेगळ्या कचेऱ्यांत पडून राहिले. आपल्या विद्यार्थ्यांच्या वहीत तरी ते एका पानावर यावेत.