गिटारीवरील खटके

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील ग्रेट्श कारखान्याने १९५८ च्या सुमारास आपल्या विद्युत गिटारींवरील नादाचा पोत बदलणारे फिरते बटण काढून त्याच्या जागी तीन अवस्थांचा खटका बसविला, तेव्हा बोटाच्या सूक्ष्म फेऱ्याने असंख्य छटा शोधण्याची वहिवाट मोडून वादकाच्या हाती केवळ तीन मुक्रर पर्याय उरले. खटका मध्यावर असता नाद मोकळा राही. इतर दोन अवस्थांत निरनिराळ्या क्षमतेची संधारित्रे वरच्या पट्टीची झळाळी कमीअधिक गिळून टाकीत. वादकांनी त्याला ‘चिखलाचा खटका’ म्हटले, आणि तो आक्षेप मला रास्त वाटतो.

इंग्लंडात मात्र गिटारवादक ब्रायन मे याने वडिलांच्या साहाय्याने १९६३ पासून घडविलेल्या गिटारीवर तारांची कंपने टिपणाऱ्या प्रत्येक पिकअपला दोन, एक चालू-बंद करणारा व दुसरा त्याच्या लहरी उलटविणारा, असे सहा खटके योजिले, आणि त्यांच्या मेळातून नादाचे विलक्षण वैविध्य त्याला लाभले. आवाजाचे व पोताचे फिरते बटण त्याने राखलेच.